घोडा दिसला की थांबा आणि बोला : फॉल्सम लेकच्या वाटांवरचे वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी फॉल्सम लेकच्या काठावरच्या वाटांबद्दल थोडंसं लिहिलं होतं, तर त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. ज्यांचा तो अंक हुकला त्यांच्यासाठी दोन ओळी. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो शहराच्या पूर्वेला अमेरिकन रिव्हर नावाची नदी आहे, तिच्यावर १९५० च्या दशकात मोठं धरण बांधलं, त्यामागे अडलेलं पाणी म्हणजे फॉल्सम लेक. धरणाच्या खाली थोड्याच अंतरावर नटोमा नावाचा छोटा तलाव आहे, तो १९५५ च्या निंबस धरणामुळे झाला. दोन्हीच्या काठाने राज्य सरकारचं पार्क आहे आणि त्यात ९० मैलांच्या वर ट्रेल आहेत, काही चालणाऱ्यांचे, काही सायकलवाल्यांचे, काही घोडेस्वारांचे, आणि बरेचसे सगळ्यांचे मिळून. आजूबाजूच्या गावांत आपली मराठी घरं भरपूर, दर उन्हाळ्यात आई-बाबा येतात, त्यामुळे निम्मी पत्रं त्यांचीच आहेत.

ताई, मी ७१ वर्षांचा आहे, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलोय. रोज सकाळी नटोमाच्या काठाने डांबरी रस्त्यावर फिरायला जातो. परवा मागून एक सायकलवाला ‘ऑन युवर लेफ्ट’ असं ओरडला, मला वाटलं डावीकडे हो म्हणतोय, मी डावीकडे झालो आणि तो माझ्यावर आदळता आदळता राहिला, वर मलाच काहीतरी बोलून गेला. माझं काय चुकलं? - एक आजोबा, मूळचे सांगलीचे

काका, तुमचं काहीच चुकलं नाही, इथे आलेल्या प्रत्येकाचं पहिल्यांदा हेच होतं, माझ्या सासूबाईंचंही झालं होतं. ‘ऑन युवर लेफ्ट’ म्हणजे ‘मी तुमच्या डावीकडून पुढे जातोय’, म्हणजे त्याला तुम्ही जिथे आहात तिथेच राहायला हवे असता. तो डावी बाजू मागत असतो आणि आपण नेमकं तिथेच जाऊन उभे राहतो. आपल्याकडे मागून हॉर्न वाजला की बाजूला उडी मारायची सवय हाडात मुरलेली, ती इथे घातक आहे. तेव्हा मागून असं काही ऐकू आलं की एकच करा, आहात त्या रेषेत सरळ चालत राहा, हवं तर एक हात वर करा म्हणजे त्याला कळतं की ऐकलंय, मागे वळून बघू नका कारण मान वळली की पावलं पण तिकडेच वळतात.

आणि एक महत्त्वाचं, जे मुलं सांगायला विसरतात. नदीकाठचा जो मोठा सायकल मार्ग आहे, डिस्कव्हरी पार्कपासून फॉल्सम लेकच्या बील्स पॉइंटपर्यंत ३२ मैलांचा, जेडेडाया स्मिथच्या नावाचा, त्यावर चालणाऱ्यांनी डाव्या कडेने, डांबराच्या बाहेरच्या मातीच्या पट्ट्यावरून चालायचं असतं, म्हणजे जवळच्या बाजूची सायकल समोरून येते आणि ती आपल्याला दिसते. तुम्ही बहुतेक उजवीकडून चालत असणार कारण इथल्या गाड्या उजवीकडून जातात, मग आपणही उजवीकडूनच जावं असं वाटणं साहजिक आहे. उद्यापासून डावीकडे चाला, डांबर सोडून मातीवर चाला, गुडघ्यांना पण ते बरं. या मार्गावर सायकलला ताशी १५ मैलांची मर्यादा आहे म्हणजे साधारण २४ किलोमीटर, पण शनिवार-रविवारी सकाळी ग्रुपने येणारे ती पाळतातच असं नाही, म्हणून तुम्ही फिरायला मधल्या वाराला जा, रिटायर्ड माणसाला ती चैन आहे. जमलं तर फॉल्समच्या जुन्या लोखंडी पुलापर्यंत नक्की जा. तो १८९३ चा आहे, मध्ये कितीतरी वर्षं तो उचलून उत्तरेला दुसऱ्या जिल्ह्यात नेऊन बसवला होता, मग २००० साली परत आणला आणि आता फक्त चालणारे आणि सायकलवाले त्यावरून जातात. खाली नदी, शेजारी कमानीचा मोठा रेनबो ब्रिज, आणि मध्ये थांबायला भरपूर जागा.

ताई नमस्कार, ग्रॅनाइट बेच्या ट्रेलवर समोरून दोन घोडे आले. मी आणि माझी मैत्रीण, आम्ही चांगुलपणा म्हणून एका झाडामागे जाऊन एकदम गप्प उभ्या राहिलो की घोडे बिचकू नयेत. तर पुढचा घोडा आमच्याजवळ येऊन थबकला, फुरफुरायला लागला, मागे मागे सरायला लागला. बाई वरून शांतपणे म्हणाल्या की प्लीज बाहेर या आणि काहीतरी बोला. आम्हाला इतकं ओशाळल्यासारखं झालं. असं का? - रोझव्हिलची वाचक

हा प्रश्न आला याचा मला फार आनंद झालाय, कारण माझ्या मते या पार्कात जायच्या आधी माणसाने एकच गोष्ट शिकायची असेल तर ती ही.

घोडा कितीही मोठा दिसला तरी तो शिकार होणारा प्राणी आहे, शिकार करणारा नाही. हजारो पिढ्या त्याच्या पूर्वजांना झुडपामागे दबा धरून गप्प बसलेल्या जनावरांनी खाल्लंय. त्यामुळे झाडामागे न हलता न बोलता उभं असलेलं काहीतरी म्हणजे त्याच्या लेखी वाघ. इथल्या टेकड्यांत तर माउंटन लायन खरंच आहेत, तेव्हा त्याची भीती अगदीच काल्पनिक पण नाही. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त शेपटीच्या बरोबर मागचं आणि नाकाच्या अगदी पुढ्यातलं नाही. तुम्ही झाडामागे गेलात म्हणजे आधी दिसत होतात आणि मग नाहीशा झालात, आणि हे त्याला सगळ्यात वाईट वाटतं. पाठीवर मोठी सॅक असेल, डोक्यावर मोठी टोपी असेल, तर तुमचा आकारही त्याला माणसाचा वाटत नाही.

पण तुम्ही बोललात की त्याला कळतं, हां, माणूस आहे. माणसाचा आवाज तो जन्मापासून ऐकत आलाय.

मी हे कशी शिकले ते सांगते. इथे आल्यावर दुसऱ्याच वर्षी मी नवी सायकल घेतली होती आणि त्याच ग्रॅनाइट बेच्या मातीच्या ट्रेलवर एका वळणावरून उतारावर जोरात आले, पुढे घोडी, तिच्यावर एक वयस्कर बाई. मी ब्रेक मारला, चाक घसरलं, दगड उडाले, घोडी जागच्या जागी अर्धी वळली, त्या बाई पडल्या नाहीत ते निव्वळ त्यांच्या पन्नास वर्षांच्या सवयीमुळे. मी थिजून उभी, तोंडातून शब्द नाही. त्या म्हणाल्या, बोल, काहीही बोल, तिला ऐकू दे. आणि मला त्या क्षणी इंग्लिश सुचेना, मी मराठीत म्हणाले, अगं बाई, घाबरू नकोस, मी काही करत नाही तुला, चुकलं माझं. घोडीचा एक कान माझ्याकडे वळला, मग दुसरा, मग तिने मान खाली सोडली. तेवढं बघितलं आणि त्या दिवसापासून मी घोडा दिसला की सायकलवरून उतरते, थांबते आणि बोलते, मग जवळ कोणी असो नसो.

तर नियम असा आहे की सायकलवाल्यांनी पायी चालणाऱ्यांना आणि घोड्यांना दोघांनाही वाट द्यायची, आणि चालणाऱ्यांनी घोड्यांना. पण वाट देणं म्हणजे नुसतं सरकणं नव्हे. लांबूनच थांबा, घोड्याला दिसाल अशा मोकळ्या जागी उभ्या राहा, उतार असेल तर शक्यतो खालच्या बाजूला, म्हणजे तुम्ही त्याच्या डोक्यावर उंच दिसत नाही आणि तो बिचकलाच तर वरच्या बाजूला सरकतो, दरीकडे नाही. स्वाराला विचारा, आम्ही इथे थांबू का. बरोबर मुलं असतील तर त्यांना पुढ्यात घ्या, कुत्रा असेल तर पट्टा आखडून घ्या (पट्टा तसाही सहा फुटांपेक्षा लांब चालत नाही). मागून जात असाल तर अजून जास्त काळजी, कारण मागचं त्याला दिसत नाही, लांबूनच हाक द्या आणि स्वार हो म्हणेपर्यंत पुढे जाऊ नका. सायकलची घंटा एकदम जवळ येऊन वाजवू नका, तोंडाने हॅलो म्हणा. तुम्ही दोघींनी केलं ते चांगल्या मनानेच केलं होतं, त्या बाईंनाही ते कळलं असणार.

मी आयटीत आहे, वय २७, माउंटन बाइक घेतलीय, बजेटच्या बाहेर जाऊन घेतलीय. आणि इथे येऊन बघतो तर पायोनियर एक्सप्रेससारख्या सगळ्यात भारी ट्रेलवर सायकलला बंदी! घोडे चालतात पण सायकल नाही, हे कुठलं लॉजिक? कोणी नसताना सकाळी सहाला गेलो तर काय बिघडतं? - फॉल्सम

अरे, तुझा राग समजतो पण जाऊ नकोस, आणि का ते सांगते.

पायोनियर एक्सप्रेस ऑबर्नच्या बाजूने उत्तरेच्या काठाने येतो, बराचसा अरुंद आहे, पुष्कळ ठिकाणी एका बाजूला चढ आणि दुसऱ्या बाजूला सरळ पाण्याकडे उतार, समोरचं वळण दिसत नाही. तिथे ताशी दहा मैलांनी येणारी सायकल आणि घोडा समोरासमोर आले तर बाजूला व्हायला जागाच नाही, दोघांपैकी एक खाली जाणार. आणि सकाळी सहाला कोणी नसतं हे तुला कोणी सांगितलं, इथल्या उन्हाळ्यात घोडेवाले पहाटेच निघतात, दहानंतर जनावराला त्रास होतो म्हणून. ऑबर्न हे लांब पल्ल्याच्या घोडेस्वारीचं गाव आहे, १९५५ पासून सिएराच्या डोंगरापलीकडून ऑबर्नपर्यंत एका दिवसात १०० मैल घोड्यावर यायची टेव्हिस कपची राइड होते. १९७४ मध्ये एका गड्याने तेच अंतर घोड्याशिवाय पळून पूर्ण केलं आणि त्यातून पुढे वेस्टर्न स्टेट्सची १०० मैलांची शर्यत सुरू झाली. तर त्या राइडची तयारी करणारे लोक या वाटांवर पिढ्यान्पिढ्या घोडे चालवतायत.

आता तुझ्यासाठी चांगली बातमी. डॅरिंग्टन ट्रेल तुझ्यासारख्यांसाठीच आहे. सॅमन फॉल्सच्या पुलापासून सुरू होतो, साउथ फोर्क म्हणजे नदीच्या दक्षिणेच्या फाट्याच्या पाण्याला धरून पेनिन्सुला कॅम्पग्राउंडकडे जातो, जवळपास नऊ मैल एका बाजूचे, चढउतार सतत, वळणं भरपूर, दगड आहेत, आणि तो सायकलवाल्यांचा आणि चालणाऱ्यांचा आहे. म्हणजे जाऊन-येऊन दिवसाचं काम होतं. पहिल्यांदा जाताना अर्ध्यातून परत फिर, कारण जातानाचा जोर येताना राहत नाही आणि वाटेत प्यायचं पाणी कुठेही नाही. तलावाचं पाणी दिसत राहतं आणि पिता येत नाही, याचा वैताग दुपारी बाराला काय असतो ते मी भोगलंय. त्याच्याआधी हात बसवायला ग्रॅनाइट बेचा सगळ्यांचा मिळून असलेला ट्रेल बरा आहे, पण तिथे घोडे असतात, वर लिहिलंय ते वाच. ब्राउन्स रॅव्हिनकडून जाणारा ट्रेल मात्र परत चालणारे आणि घोडे यांचाच, तिकडे सायकल नेऊ नकोस. प्रत्येक ट्रेलच्या तोंडाशी पाटी असते, तीन चित्रं असतात, माणूस, सायकल, घोडा, आणि ज्याला बंदी त्याच्यावर आडवी रेघ. ते बघायला दहा सेकंद लागतात.

अजून एक गोष्ट सांगते, ही कोणी सांगत नाही आणि पाटीवर पण नसते. पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन दिवस मातीच्या ट्रेलवर जाऊ नकोस. इथे पाऊस हिवाळ्यात पडतो, माती चिकट होते, टायरने चर पडतो, खुरांनी खड्डे पडतात, आणि मग ऊन लागलं की ते सगळं विटेसारखं कडक होऊन वर्षभर तसंच राहतं, पुढच्या पावसात त्याच चरातून पाणी वाहतं आणि वाट धुपून जाते. ओल्या दिवसात डांबरी रस्त्यावर सायकल चालव. आणि वय १८ च्या वर आहे म्हणून कायद्याने हेल्मेट लागत नाही असं तू मित्रांकडून ऐकलं असशील, ते खरं आहे, पण तरी घाल रे बाबा.

माझ्या मुलाच्या दोन्ही पायांवर पाण्याचे फोड आलेत, डॉक्टर म्हणाले पॉयझन ओक. आम्ही तर कुठल्याच झाडाला हात लावला नव्हता, फक्त आमचा कुत्रा झुडपात शिरला होता. हे नक्की काय प्रकरण आहे आणि ओळखायचं कसं? - एल डोराडो हिल्स

कुत्र्यानेच आणलं. या झुडपाच्या पानात, काडीत, मुळात सगळीकडे एक तेल असतं, ते कुत्र्याच्या केसांना लागतं, कुत्र्याला सहसा काही होत नाही, पण मुलगा त्याला कुशीत घेतो आणि दोन दिवसांनी फोड. तेच तेल बुटाच्या नाड्यांवर, सायकलच्या हँडलवर, घोड्याच्या पायांवर आठवडेच्या आठवडे टिकतं.

गावाकडच्या वाचकांना हे पटकन कळेल असं सांगते. बिब्बा अंगावर उततो, बरोबर? बिब्ब्याचं तेल लागलं की कातडी काळी पडते, फोड येतात, आजी म्हणायची बिब्ब्याच्या झाडाखाली पण उभं राहू नका. तर पॉयझन ओक हे त्याच कुळातलं. काजूच्या टरफलाचं तेल आणि आंब्याचा चीक पण त्याच घराण्यातले, म्हणून ज्यांना पॉयझन ओक जोरात उततं त्यांच्यापैकी काहींना आंब्याची साल ओठाला लागली तरी खाज सुटते. नावात ओक आहे पण ओकच्या झाडाशी त्याचा संबंध नाही, फक्त पानाची कड तशी दिसते.

ओळखायचं असं की एका देठावर तीन पानं, वसंतात तकतकीत हिरवी, उन्हाळा संपता संपता लालभडक, इतकी सुंदर लाल की लोक फोटोसाठी फांदी हातात धरतात. आणि हिवाळ्यात पानं गळून नुसत्या उघड्या काड्या उभ्या असतात, त्या पण तितक्याच वाईट. कधी झुडूप असतं, कधी वेल होऊन झाडावर चढतं. ट्रेलच्या मध्यभागी चाललात तर त्रास होत नाही, त्रास होतो तो कडेला सरकताना, म्हणून घोड्याला किंवा सायकलला वाट देताना आधी पायाखाली बघा. घरी आल्यावर लगेच थंड पाणी आणि भरपूर साबण, नखांच्या खाली पण, कपडे वेगळे धुवा, कुत्र्याला हातमोजे घालून आंघोळ घाला. आणि ही झुडपं तोडून जाळायची कल्पना कोणाच्या डोक्यात आली तर ती काढून टाका, धुरातून ते फुप्फुसात जातं.

साप पण विचारलाय तुम्ही पत्राच्या शेवटी. रॅटलस्नेक आहेत, मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत जास्त, सकाळच्या उन्हाला ट्रेलवर येऊन पडतात. आपल्या चापड्याच्या जातकुळीतला, विषारी, पण अंगावर धावून येत नाही, लांबून जाऊ द्या. दगडावर बसायच्या आधी मागे बघा, कानात दोन्हीकडे इयरफोन घालू नका म्हणजे त्याच्या शेपटीची खुळखुळ ऐकू येईल. चावलाच तर ९११ या इमर्जन्सी नंबरला फोन, हालचाल कमीत कमी, अंगठी-घड्याळ काढून टाका, कापायचं नाही, चोखायचं नाही, बर्फ नाही, आवळून बांधायचं नाही.

नोव्हेंबरात पाहुण्यांना मोठ्या कौतुकाने फॉल्सम लेक दाखवायला नेलं तर पाणीच नाही! नुसता चिखल आणि दगड, पाणी कुठेतरी लांब. जूनमध्ये तर काठोकाठ होता. एवढा तलाव गेला कुठे? आणि तळात बुडालेलं गाव आहे म्हणतात ते खरं का? - रँचो कॉर्डोव्हा

हा तलाव नैसर्गिक नाहीये, धरणाचा आहे, त्यामुळे त्याचं वेळापत्रक आपल्याकडच्या धरणाच्या बरोबर उलटं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भरतं, इथे त्या चार महिन्यांत थेंब पडत नाही. इथे हिवाळ्यात पाऊस, वर सिएराच्या डोंगरावर बर्फ, ते बर्फ वसंतात वितळून खाली येतं आणि मे-जूनमध्ये तलाव सगळ्यात भरलेला असतो. मग उन्हाळाभर शेतीला, शहराला, नदीतल्या माशांना पाणी सोडत जातात. आणि नोव्हेंबरात मुद्दाम जागा रिकामी ठेवतात कारण खाली सॅक्रामेंटो शहर आहे आणि हिवाळ्यातला पूर झेलायचा असतो. म्हणजे तुम्ही बघितलंत तो रिकामा तलाव म्हणजे धरण आपलं काम करत होतं.

बुडालेलं गाव खरं आहे. १८४८ साली कोलोमाला सोनं सापडलं, त्याच नदीवर खाली काही आठवड्यांतच मॉर्मन आयलंडला सापडलं, तिथे वस्ती झाली, दुकानं, घरं, शाळा, मग सोनं संपलं, लोक गेले, आणि धरण झालं तेव्हा उरलेलं सगळं पाण्याखाली गेलं. दुष्काळात पाणी फार खाली गेलं की त्याचे दगडी पाये, विटा, जुने खिळे वर येतात, २०१४-१५ च्या दुष्काळात लोक रांगा लावून बघायला गेले होते. मला तेव्हा उजनीतलं पळसदेव आठवलं, धरणाचं पाणी ओसरलं की पळसनाथाचं देऊळ वर येतं ना, तसंच. फरक एवढा की देवळात अजून लोक हात जोडतात आणि इथे लोक खिसे भरायला बघतात. कृपा करून काहीही उचलू नका, बाटलीचा तुकडा पण नाही, कायद्याने गुन्हा आहेच, पण ती कोणाच्या तरी घराची शेवटची खूण आहे. आणि ओल्या गाळात खाली उतरू नका, वरून सुकलेला दिसतो आणि पाय गुडघ्यापर्यंत जातो.

त्याहून जुनी खूण बघायची असेल तर ती पाण्यावर अवलंबून नाही. काठच्या मोठ्या ग्रॅनाइटच्या खडकांत गोल गोल खड्डे दिसतील, वीतभर खोल, आतून गुळगुळीत. ती उखळं आहेत. इथल्या मूळच्या निसेनान लोकांच्या बायका त्यात ओकची फळं कुटून पीठ करायच्या, सोनं सापडायच्या कितीतरी आधीपासून. मी आईला तिथे घेऊन गेले तर तिने काही न सांगता हात घातला, म्हणाली अगं, उखळ आहे हे, आणि बराच वेळ तिथेच बसून राहिली.

घोड्याची लीद ट्रेलवर पडलेली असते, कुत्र्याची आम्हाला पिशवीत उचलावी लागते मग यांना का नाही? - एक त्रस्त वाचक

कुत्र्याच्या विष्ठेतून माणसाला आणि रानातल्या जनावरांना जंतू जातात, घोडा गवत खातो, त्याची लीद चार उन्हात सुकून माती होते. शिवाय चालू घोड्यावरून दर वेळी उतरून परत चढणं अरुंद वाटेवर धोक्याचं आहे. पार्किंगमध्ये आणि ट्रेलर लावायच्या जागेत मात्र ते साफ करतात, करायलाच हवं. चांगले स्वार वाटेतली पण बाजूला सारतात. आपण वळसा घालून जावं.

आम्ही ठाण्याचे. दिवाळीत माथेरानला मुलांना घेऊन जातोय, तिकडेही पायवाटेवर घोडेच घोडे असतात. तुमच्या तिकडचं काही इकडे उपयोगी पडेल का?

सगळंच पडेल, घोडा तोच आहे. माथेरानला गाड्यांना बंदी, त्यामुळे तिथली लाल मातीची वाट घोडे आणि माणसं यांची मिळून, शार्लोट लेककडे जाताना तर पोरंटोरं पळत असतात आणि मागून घोडा येतो. नीट ऐकलंत तर कळेल की तिथला घोडेवाला सतत बोलत असतो, बाजू बाजू, आणि मधूनच घोड्याला काहीतरी, त्याला हे कोणी शिकवावं लागत नाही. तुम्ही एवढंच करा, त्याने आवाज दिला की मोबाइलमधून मान वर काढा, मुलांना एकाच कडेला घ्या, दोघं या बाजूला दोघं त्या बाजूला असं नको कारण घाबरलेलं पोर नेमकं आईकडे पळतं, घोड्याच्या पायांमधून. मुलाला घोड्यावर बसवणार असाल तर हेल्मेट मागा, नसेल तर घरून सायकलचं न्या, अगदीच काही नसण्यापेक्षा ते बरं. आणि घोड्याच्या पाठीला, तोंडाच्या कडांना जखम दिसली तर त्या घोड्यावर बसू नका, पैसे गेले तरी चालतील.

आई-बाबा जुलैमध्ये येतायत, दोघंही सह्याद्रीत फिरलेले, म्हणतात कॅलिफोर्नियाचा उन्हाळा म्हणजे काय, आम्ही नागपूर बघितलंय. त्यांना कसं समजावू? - फॉल्सम

त्यांना सांग की नागपूरकर मे महिन्यात दुपारी बारा वाजता डोंगर चढत नाहीत. इथे जुलैत ३८ अंशांच्या वर पारा सहज जातो आणि हवा इतकी कोरडी की घाम जागच्या जागी सुकतो, घाम दिसत नाही म्हणून तहान लागलीय हे कळतच नाही, सह्याद्रीतल्या माणसाची फसगत होते ती इथेच. साडेपाचला घरून निघा, नऊला परत गाडीत. माणशी दोन लिटर पाणी, मिठाचं काहीतरी, लिंबू-साखर-मीठ घातलेलं पाणी सगळ्यात उत्तम. बाबा रक्तदाबाची गोळी घेत असतील तर निघायच्या आधी डॉक्टरांना विचार, काही गोळ्यांनी अंगातलं पाणी अजून कमी होतं. वणव्याचा धूर असेल त्या दिवशी हवेच्या प्रदूषणाचा आकडा बघ आणि घरीच बसा. खरं तर त्यांना मार्च-एप्रिलमध्ये बोलव, टेकड्या हिरव्यागार, केशरी पॉपीची फुलं, निळे ल्युपिन. फक्त तेव्हा गोचिड्या असतात, घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत बघायचं. जुलैचं तिकीट काढलंच असेल तर नोव्हेंबरपर्यंत ठेवून घे, निंबस धरणाखाली समुद्रातून उलट पोहत आलेले सॅमन मासे शिडी चढतात, ते बघून माझे बाबा दोन दिवस दुसरं काही बोलले नव्हते.

मी ९ वर्षांची आहे. आईने मला तुमचा लेख वाचून दाखवला. घोड्याशी मराठीत बोललं तर त्याला खरंच कळतं का? आणि मी त्याला गाजर देऊ शकते का?

शब्द नाही कळत ग, पण आवाज कळतो. हळू, लांब लांब, गोड आवाजात बोललीस की त्याला कळतं की ही मुलगी आहे आणि ही चिडलेली नाहीये. म्हणून तू कविता म्हटलीस तरी चालेल. ओरडायचं नाही, पळायचं नाही.

गाजर मात्र आधी विचारून. घोड्यावर बसलेल्या ताईला किंवा काकांना विचार, मी हात लावू का, गाजर देऊ का. काही घोड्यांना औषध चालू असतं, काही चावरे असतात, आणि काहींना वाटेत खायची सवय लावलेली नसते, ते नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नकोस. हो म्हणाले तर त्याच्या खांद्याच्या बाजूने जा, समोरून नको आणि मागून तर नकोच, हात पूर्ण उघडा ठेव, बोटं एकमेकांना चिकटून, अंगठा पण आत, आणि गाजर तळहातावर. त्याचे ओठ हाताला लागतील तेव्हा गुदगुल्या होतील, हात मागे घेऊ नकोस. आणि मला पत्र लिहून कळव त्याचं नाव काय होतं ते.